ऑनलाइन घेतलेल्या बुटाचा सोल निघाला, रिटर्नची मुदतही संपली, आता काय करायचं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका पोरानं विचारलंय, त्याचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. आर्मी भरतीची तयारी करतोय, रोज पहाटे पळायला जातो. रनिंग शूज ऑनलाइन मागवले, किंमत २,८९९ रुपये. अकाउंट पुण्यात नोकरीला असलेल्या दादाचं, पत्ता गावचा, पैसे यानं डिलिव्हरीच्या वेळी यूपीआयनं दिले. तीन आठवडे पळाला आणि डाव्या बुटाचा सोल पुढून सुटायला लागला, आता अर्ध्यापर्यंत आलाय. रिटर्नची मुदत होती १० दिवस, ती कधीच संपली. अ‍ॅपवाले म्हणतात मुदत संपली, आता काही करता येत नाही. ब्रँडवाले म्हणतात आम्ही तुला थेट विकलेलं नाही, सेलरला विचार. आणि सेलरचा फोनच कुणी उचलत नाही. विचारतोय, "सर, पैसे गेलेच समजायचे का? आणि तोवर फेविक्विक लावून पळलं तर चालेल का?"

भावा, पैसे गेलेले नाहीत. आणि फेविक्विक अजिबात लावू नको, ते का ते पुढं सांगतो.

मी बेळगावात ग्राहकांच्या केसेस बरीच वर्षं बघतोय आणि ऑनलाइन खरेदीच्या तक्रारीत लोक सगळ्यात जास्त फसतात ते एकाच ठिकाणी, "रिटर्न विंडो क्लोज्ड" असं स्क्रीनवर आलं की लोकांना वाटतं आता कायदाच संपला. तसं नसतंय. ती १० दिवसांची मुदत कंपनीनं स्वतःच्या सोयीनं ठेवलेली पॉलिसी आहे, त्यात तुला रंग आवडला नाही, साइज घट्ट झाली, मन बदललं तरी परत करता येतं, ती त्यांची सवलत. पण माल दोषी निघाला तर तो वेगळा विषय आहे, तिथं त्यांची पॉलिसी नाही, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चालतो, आणि त्यात कलम ६९ प्रमाणे तक्रार करायला दोन वर्षं मिळतात. १० दिवस कुठं आणि दोन वर्षं कुठं.

त्याच कायद्याखाली केंद्र सरकारनं जुलै २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम आणले. त्यातल्या सहाव्या नियमात सरळ लिहिलंय की माल दोषयुक्त असेल, नकली असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, किंवा सांगितलेल्या वेळेपेक्षा उशिरा आला असेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. उशिराच्या बाबतीत पूर, बंद असली आवाक्याबाहेरची कारणं सोडून. आणि दोषाच्या बाबतीत त्या वाक्यात ७ दिवस, १० दिवस असली काही अट घातलेली नाही. कस्टमर केअरची मुलगी किंवा मुलगा फोनवर "सिस्टिममध्ये ऑप्शन येत नाहीये सर" म्हणतात ते खरंच असतं, त्यांच्या स्क्रीनवर खरंच ऑप्शन नसतो, पण त्यांच्या स्क्रीनवर काय दिसतं त्याच्यावर तुझा हक्क ठरत नाही. त्यांच्यावर चिडूनही उपयोग नाही, ते पगारी लोक आहेत. तुला जायचंय त्यांच्या वर.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला पाहिजे कारण अर्धे लोक इथं गोंधळ करतात. बूट घट्ट झाला, फोटोत निळा वाटला आणि हातात आल्यावर जांभळा वाटला, घरच्यांना आवडला नाही, हा दोष नव्हे. अशा वेळी कंपनीची पॉलिसी असेल तेवढंच, मुदत संपली की संपली, कायदा मदतीला येत नाही. हां, चार्टमध्ये ८ नंबर म्हणजे अमुक सेंटिमीटर असं लिहिलंय आणि प्रत्यक्षात मापलं तर दीड सेंटिमीटर कमी भरतंय, तर ते "जाहिरातीप्रमाणे नाही" यात बसतं. फरक हाच. सोल सुटणं, शिलाई उसवणं, सोलचा चुरा होणं, एका पायाला ८ आणि दुसऱ्याला ९ येणं, ब्रँडचं नाव आणि माल डुप्लिकेट, हे सगळं दोषात किंवा फसवणुकीत येतं. सेलमध्ये "नो रिटर्न" लिहिलेलं असलं तरी येतं. आपल्या गणपत गल्लीत, खडेबाजारात बिलावर छापतात ना "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही", त्यालाही हाच कायदा लागू, दोष निघाला तर त्या वाक्याला काही अर्थ राहत नाही. फक्त तिथं समोर माणूस असतो, दुकानदार ओळखीचा असतो, बहुतेक वेळा बोलून मिटतं.

कायद्यात दोषाची व्याख्या बरीच मोठी आहे, पण तुझ्या कामाचा भाग असा की विकणाऱ्यानं मालाबद्दल जे काही सांगितलं असेल त्यात कमी पडलं तरी तो दोष. तुझ्या बुटाच्या पानावर त्यांनी "रनिंग" म्हणून विकलाय. मग पळून सोल सुटला म्हणजे त्यांनी सांगितलेल्या कामालाच तो टिकला नाही. म्हणून ते पान आजच्या आज स्क्रीनशॉट काढून ठेव, पूर्ण, वरपासून खालपर्यंत, वर्णन, सेलरचं नाव, किंमत, रिव्ह्यू सगळं. तक्रार वाढली की असली लिस्टिंग गायब होतात आणि मग त्यांनी काय लिहिलं होतं ते दाखवायला आपल्या हातात काही उरत नाही.

आता खरी लढाई कुठं होते ते सांगतो. कंपनी कधीच म्हणणार नाही की कायदा आम्हाला लागू नाही. कंपनी म्हणणार, हा "वेअर अँड टेअर" आहे, म्हणजे वापरून झिजलाय, पोरगा रोज चिखलात पळतो, पाण्यात घालतो, आमचा काय दोष. या एका वाक्यावर बहुतेक तक्रारी मरतात, आणि त्या मरू नयेत म्हणून बूट नीट बघायला शिकलं पाहिजे.

बूट हातात घे आणि खालचा सोल बघ. टाचेकडची आणि पंजाखालची नक्षी अजून धारदार आहे का? तीन आठवड्यांत ती जवळपास नवीनच असणार. नक्षी शाबूत आणि सोल सुटलाय, याचा अर्थ बूट झिजलेला नाही, चिकटवणी सुटली आहे. आता सुटलेला भाग हलकेच उघड, जोर लावून फाडू नको. आतला पृष्ठभाग बघ. सोल नीट चिकटलेला असतो तेव्हा ओढला तर सोलचं किंवा वरच्या कापडाचं मटेरियल फाटून दुसऱ्या बाजूला चिकटून राहतं, धागे, फोमचे तुकडे दिसतात. पण गोंदाचा थर एका बाजूला गुळगुळीत, चकचकीत, जसाच्या तसा राहिला असेल आणि दुसरी बाजू स्वच्छ कोरी असेल तर गोंदानं पकडच घेतलेली नव्हती. फॅक्टरीत सोल चिकटवायच्या आधी पृष्ठभाग घासून खरबरीत करावा लागतो, साफ करून प्रायमर लावावा लागतो, गोंद योग्य तापमानाला आणून दाबावा लागतो, यातलं एक काम घाईत राहिलं की सोल असा सोलल्यासारखा निघतो. बूट दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही जुन्या कारागिराला दाखव, तो बघता क्षणी सांगेल. त्याच्याकडून एका कागदावर दोन ओळी लिहून घे, नाव, सही, तारीख, मोबाईल नंबर, "सोलची नक्षी झिजलेली नाही, चिकटवणी सुटली आहे" एवढं पुरे. पुढं लागलंच तर त्याचं प्रतिज्ञापत्र करता येतं.

म्हणूनच फेविक्विक नको म्हटलं. एकदा तू तो चिकटवलास की गोंदाचा मूळ थर गेला, आणि समोरचा वकील पहिलं वाक्य बोलणार की ग्राहकानं स्वतः छेडछाड केली. शिवून घेऊ नको, धुवून काढू नको, चिखल लागलाय तर वाळू दे आणि तसाच कागदात गुंडाळून त्याच्याच बॉक्समध्ये ठेव. कलम ३८ मध्ये सोय आहे की तपासणीशिवाय दोष कळत नसेल तर ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचं कोर्ट, वस्तू सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. दोन-तीन हजाराच्या बुटाला सहसा तिथपर्यंत जायची वेळ येत नाही, आयोगासमोर बूट आणि फोटो ठेवले की दिसतं ते दिसतंच, पण वस्तू मूळ अवस्थेत पाहिजे. पळायला तोवर जुने बूट वापर, सुटलेल्या सोलनं पळून पाय मुरगळून घेऊ नको, भरती तोंडावर आहे.

याच ठिकाणी अजून एक प्रकार सांगून ठेवतो कारण आपल्याकडं जांबोटी, कणकुंबीच्या जास्त पावसाच्या पट्ट्यात तो बराच बघायला मिळतो. बूट दिसायला कोरा करकरीत आणि दोनदा घातला तर सोलचा अक्षरशः चुरा, भाकरीसारखे तुकडे पडतात. हा बहुतेक पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा सोल असतो. पीयू हवेतल्या दमटपणानं आतून मोडत जातो, त्याला हायड्रोलिसिस म्हणतात, आणि तो बूट न वापरता बॉक्समध्ये पडून राहिला तरी होतो. म्हणजे गोडाउनमध्ये दोन-चार वर्षं पडलेला स्टॉक मोठ्या डिस्काउंटला काढला की हे होतं. कंपनी म्हणणार तुमच्याकडं पाऊस फार, पाण्यात वापरला. तेव्हा बॉक्सवरचं लेबल बघायचं. पॅकबंद वस्तूंच्या नियमाप्रमाणे त्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष, उत्पादकाचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, कस्टमर केअर हे सगळं छापलेलं असलं पाहिजे. तारीख तीन-चार वर्षं जुनी निघाली तर तोच तुझा सगळ्यात मोठा पुरावा. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, बॉक्स फेकू नका, घरात कितीही अडचण झाली तरी निदान वर्षभर ठेवा.

आता दादाच्या अकाउंटचा प्रश्न. हा प्रश्न आपल्याकडं घरोघरी आहे, कारण एक भाऊ पुण्याला, एक गोव्याला आणि ऑर्डर त्यांच्या मोबाईलवरून. बिल दादाच्या नावावर आहे म्हणून तुझा हक्क जात नाही. कायद्यात ग्राहक म्हणजे फक्त विकत घेणारा नव्हे, त्याच्या संमतीनं वस्तू वापरणारासुद्धा ग्राहक धरलाय. पैसेही तुझ्याच यूपीआयवरून गेलेत, त्याची नोंद बँकेत आहे. तरीपण कामाला सोपं पडावं म्हणून तक्रारीत दोघांची नावं घाला, किंवा दादाकडून साध्या कागदावर लिहून घे की हे बूट माझ्या अकाउंटवरून भावासाठी घेतले, पैसे त्यानं दिले. वाद तिथंच मिटतो. भरतीच्या अकॅडमीवाल्यांनाही सांगून ठेवतो, घाऊक बूट मागवून पोरांना विकत असाल तर पोरगा ग्राहक आणि तुम्ही त्याचे विक्रेते, मग तो तुमच्याकडं येणार.

मग सुरुवात कुठून करायची. अ‍ॅपच्या चॅटमध्ये पुन्हा पुन्हा भांडण्यात वेळ घालवू नको, पण एकदा चॅटवर तक्रार टाक आणि तिकीट नंबर घे, तो द्यायला ते बांधील आहेत. त्यानंतर अ‍ॅपच्या किंवा वेबसाइटच्या अगदी तळाला, कुणी बघत नाही तिथं, "ग्रीव्हन्स ऑफिसर" असं लिहिलेलं असतं, नाव आणि ईमेल असतो. नियमानुसार प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव, पद, संपर्क दाखवावाच लागतो, आणि त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं असं बंधन आहे. कस्टमर केअरला दहा फोन करण्यापेक्षा हा एक ईमेल भारी पडतो. इंग्रजी जमत नसेल तर दादाकडून करून घे, मजकूर साधारण असा ठेव:

"माझी ऑर्डर क्रमांक अमुक, तारीख अमुक, रक्कम २,८९९ रुपये. रनिंग शूज म्हणून विकलेल्या या जोडीतील डाव्या बुटाचा सोल तीन आठवड्यांच्या नेहमीच्या वापरात चिकटवणीतून सुटला आहे. सोल झिजलेला नाही, फोटो आणि व्हिडिओ सोबत आहेत. हा उत्पादनातील दोष आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे दोषयुक्त माल परत घेणे नाकारता येत नाही. पूर्ण रक्कम माझ्या बँक खात्यात परत करावी. कूपन किंवा वॉलेटमधील पॉइंट मला मान्य नाहीत. विक्रेत्याचे पूर्ण नाव व पत्ता कळवावा. बूट मूळ स्थितीत माझ्याकडे आहेत, आपण पिकअप पाठवावे. ४८ तासांत पोच आणि एक महिन्यात निवारण न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन."

एवढंच. शिव्या नाहीत, धमकी नाही, तुमची बदनामी करतो वगैरे काही नाही. हाच मेल सेलरला आणि ब्रँडला पण पाठव. सेलरचा पत्ता इन्व्हॉइसवर असतो, जीएसटी नंबरही असतो, आणि तू मागितलास तर अ‍ॅपनं तो द्यायलाच पाहिजे. "आम्ही फक्त मधले, प्लॅटफॉर्म आहोत" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्या उत्तरावर अनेक आयोगांनी प्लॅटफॉर्मला सोडलेलं नाही, तू पैसे दिलेस त्यांच्या नावावर विश्वास ठेवून, आणि पुढं तक्रारीत तिघांनाही पार्टी, म्हणजे प्रतिवादी करायचं, प्लॅटफॉर्म, सेलर, ब्रँड. एकालाच केलं की तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो आणि दुसरा तिथं हजरच नसतो.

पिकअपचं एक सांगतो. आपल्याकडच्या बऱ्याच खेड्यांच्या पिनकोडला माल येतो पण परत न्यायला कुणी येत नाही, मग मेसेज येतो की स्वतः कुरिअर करा. करायचं तर कर, पण आधी मेलवर लिहून घे की कुरिअरचा खर्च ते देणार, पार्सल करताना व्हिडिओ काढ, वजनाची पावती ठेव, आणि दोन्ही बूट पाठवायच्या आधी सगळे फोटो घे कारण एकदा गेले की तुझ्या हातात काही नाही. पैसे परत मिळाल्याशिवाय किंवा लेखी कबुलीशिवाय मी तर बूट हातचे सोडू नको म्हणूनच सांगेन. पिकअपवाला पोरगा दारात येऊन "टॅग नाही, रिजेक्ट" करून गेला तर त्याच्याशी वाद घालू नको, त्याला तेवढंच सांगितलेलं असतं, तू त्या रिजेक्शनचा स्क्रीनशॉट घेऊन मेलला जोड.

आणि हे लक्षात ठेव, कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधून कधीच फोन करू नको. तिथं भामट्यांनी नंबर टाकून ठेवलेले असतात, रिफंड देतो म्हणून स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप घालायला लावतात, यूपीआय पिन टाकायला सांगतात आणि खातं साफ. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. बूट गेला २,८९९ चा आणि खात्यातनं गेले चाळीस हजार अशी उदाहरणं आपल्या भागात आहेत. तसं काही झालंच तर लगेच १९३० ला फोन, उद्या नको, त्याच मिनिटाला.

मेल करून झाला की त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. सिम कर्नाटकचं असलं तरी मराठीत बोलता येतं, भाषा निवडायची सोय आहे, कन्नडही आहे, १७ भाषा आहेत. त्यांच्या पोर्टलवर आणि अ‍ॅपवरही तक्रार टाकता येते. ते कोर्ट नाही, त्यांना आदेश द्यायचा अधिकार नाही, पण मोठ्या कंपन्या त्यांच्याशी जोडलेल्या आहेत आणि तिथून तक्रार गेली की ती कॉल सेंटरवाल्यांच्या वरच्या टेबलावर पडते. माझ्याकडं येणाऱ्या लोकांना मी आधी इकडंच पाठवतो आणि पुष्कळ जणांचं काम इथंच होऊन जातं, वकिलाचा एक रुपया खर्च न करता.

तिथंही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. लोक या नावाला घाबरतात, कोर्ट म्हटलं की वर्षानुवर्षं. पण बघ, पाच लाखापर्यंत दिलेल्या किमतीच्या तक्रारीला फी शून्य आहे. वकील लावायलाच पाहिजे असं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथं राहतो किंवा स्वतः पोटापाण्यासाठी काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. अ‍ॅपच्या अटीत "सर्व वाद फक्त बेंगळुरूच्या न्यायालयात" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, त्यानं तुझा हा हक्क जात नाही. तू खानापूरला राहतोस, तुझ्यासाठी बेळगावचा आयोग.

सीमाभागातल्या लोकांना हे कलम नीट समजून घेतलं तर फार उपयोगी आहे. निपाणीत राहतो आणि कागलच्या एमआयडीसीत कामाला जातो, अशा माणसाला बेळगावही चालतं आणि कोल्हापूरही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यात राहून बेळगावच्या उद्यमबागेत काम करणाऱ्यालाही तेच. बेळगावात राहून चंदगडकडच्या शिनोळीला कामाला जाणाऱ्यालाही. बेळगावच्या आयोगात काम कन्नड किंवा इंग्रजीत चालतं, मराठी कागद दिला तर भाषांतर जोडावं लागतं. कोल्हापूरला, पुण्याला मराठीत तक्रार लिहिता येते, पुष्कळदा निकालही मराठीत येतो. ज्याला आपलं म्हणणं स्वतःच्या भाषेत, स्वतः उभं राहून मांडायचंय त्याच्यासाठी हा छोटा फायदा नाही. तुझ्या बाबतीत दादा पुण्यात राहतो, तो तक्रारदार झाला तर पुण्यात मराठीत करता येईल. पण तारखेला त्याला सुट्टी मिळणार का, बूट तिकडं न्यावा लागणार, हा विचार करून ठरवा. मी असतो तर बेळगावला केली असती, इंग्रजीत दोन पानं लिहायला कुणीही मदत करेल.

तक्रार आता घरबसल्या करता येते. आधी ई-दाखिल होतं, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आलंय. त्यावर मोबाईल नंबर टाकून खातं काढायचं, तक्रार, इन्व्हॉइस, यूपीआयची नोंद, फोटो, मेल, १९१५ चा तक्रार क्रमांक, कारागिराची चिठ्ठी, प्रतिज्ञापत्र हे सगळं पीडीएफ करून चढवायचं. व्हिडिओद्वारे सुनावणी मागायची सोय पण कायद्यात आहे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला उत्तराला ३० दिवस आणि फार तर १५ जादा, सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये पक्कं केलंय की ४५ च्या पुढं एक दिवसही नाही. तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. खरं सांगायचं तर त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, कधी वर्षही जातं, ते मनात धरूनच उतरायचं. पण नोटीस गेली की बऱ्याच कंपन्या पहिल्या तारखेच्या आत फोन करतात आणि मिटवूया म्हणतात, २,८९९ साठी वकील पाठवणं त्यांनाच परवडत नाही.

मागायचं काय? किंमत व्याजासकट, मनस्तापाची आणि धावपळीची भरपाई, तक्रारीचा खर्च. आकडा रास्त ठेव. बुटासाठी पाच लाख मागणारे कागद मी बघितलेत, त्यानं आयोगासमोर आपलीच पत जाते. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर कलम ७१ खाली दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी वसुली होते आणि ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा किमान २५,००० दंड, नाहीतर दोन्ही, म्हणून शेवटी देतातच.

जाता जाता कोल्हापुरीबद्दल, कारण प्रश्नांत तेही दोघांनी विचारलंय. अथणी, निपाणी, चिकोडी, रायबाग इथं आपल्याच जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरी तयार होते, जीआय म्हणजे त्या-त्या भागाच्या खास मालाच्या सरकारी नोंदणीत महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत तसे कर्नाटकचेही चार आहेत, बेळगाव त्यात आहे. आणि ऑनलाइनवर "अस्सल लेदर कोल्हापुरी" म्हणून रेक्झिनची, खाली रबर चिकटवलेली चप्पल येते. अस्सलमध्ये बाभळीच्या सालीनं, हिरड्यानं कमावलेलं कातडं असतं, शिलाई चामड्याच्याच वादीची असते, खिळा नसतो. पानावर "लेदर" लिहून रेक्झिन पाठवलं तर ते जाहिरातीप्रमाणे नाही, वर सांगितलेला सगळा मार्ग तसाच लागू. हे मी जरा जास्त पोटतिडकीनं सांगतो कारण त्यात ग्राहक फसतो आणि अथणीच्या कारागिराचं नावही खराब होतं, लोक म्हणतात कोल्हापुरी टिकत नाही.

तर तू आज एवढं कर. दादाला सांगून अ‍ॅपमधून इन्व्हॉइस डाउनलोड करून घे, लिस्टिंगचे स्क्रीनशॉट घे, उजेडात बुटाचे फोटो काढ, तळ, बाजू, सुटलेला भाग जवळून, आणि बॉक्सवरच्या लेबलचाही एक. उद्या मेल आणि १९१५. मेलला महिना होऊन गेला आणि काहीच हाललं नाही तर सगळे कागद घेऊन ये, तक्रार कशी लिहायची ते बसून बघू.